एना अराबाचे तीन दिवस

बस पोरी, त्या पालथ्या घमेल्यावर बस. लाइट गेलीये ती काही लगेच येत नाही, अन् तुझा मका कुठं पळून जात नाही. तोवर तुला गोष्ट सांगतो. एका मुलीनं आख्खं वर्ष घालवून 'तीन' म्हणजे किती हे शोधून काढलं, त्याची. हसू नको. मीही हसलो होतो आधी, नंतर तीन रात्री बोटं मोजत पडलो होतो.

तू लग्न होऊन नवी आलीस इथं, म्हणून आधी सांगतो. माझं नाव क्वामेना. पण ह्या यामोरान्सा गावात क्वामेना म्हणून कुणी हाक मारली तर मी मागंच बघत नाही. गिरणी दिवसभर निका-निका करते, म्हणून मी एग्या निका, गिरणीवाले बाबा. एकोणतीस वर्षं ही गिरणी चालवतोय. शाळा चौथीपर्यंत, तीही दारात बसून. पण मका मला कळतो. मक्याचा घमेला दारातून आत आला की बघायच्या आधी सांगतो, हा कुणाचा, कुठल्या विहिरीच्या पाण्यातला, कधी भिजवलेला. फुशारकी नाही ही. तू कोळ्याच्या घरची आहेस ना, तुझ्या बापाला माशाचा वास कळत असेलच. तसंच.

तर ती मुलगी. कूकुआ तिचं नाव. बुधवारी जन्मली, म्हणून कूकुआ. वाढली तेमाला, बाप तिथं बंदरावर कामाला. पण हुशार म्हणून डोंगरावरच्या त्या मोठ्या शाळेत आली, सगळा खर्च शाळेचा. विद्यापीठात जायच्या आधीची दोन वर्षं तिथं करतात. त्या दोन वर्षांत म्हणे प्रत्येकानं एक मोठा निबंध लिहायचा. प्रश्न आपला आपण शोधायचा, उत्तरही आपलं आपण शोधायचं. चार हजार शब्द. तो निबंध दिला नाही तर बाकी कितीही अभ्यास करा, दाखलाच मिळत नाही. दाखला नाही तर विद्यापीठ नाही.

चार हजार शब्द ऐकून मला वाटलं, एवढंच? एना अराबा सकाळचं पहिलं पातेलं उतरायच्या आत त्याहून जास्त बोलते.

एना अराबा तुला माहीत आहे, एना म्हणजे आई, मोठ्या बाईला म्हणतो आम्ही. जंक्शनला पहिलीच टपरी, हिरवी छत्री. तिचा डोकोनो, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, लोक कुमासीपर्यंत घेऊन जातात. वाळलेल्या केळीच्या पानात असा आवळून बांधते की उकडताना थेंबभर पाणी आत जात नाही. ह्या कूकुआनं पहिल्या वर्षी तो खाल्ला अन् तिला प्रश्न पडला. प्रश्न काय, तर अराबा मका तीन दिवस भिजवते, तर तीनच का? दोन का नाही, चार का नाही?

हा प्रश्न तिनं मला ह्याच दारात उभं राहून विचारला. मी म्हणलं, तीन म्हणजे तीन. लग्नाला नवरा एकच का, असं विचारतेस होय?

ती म्हणाली, "एग्या, ते पण कुणीतरी विचारलं पाहिजे."

तेव्हाच मला ती आवडली.

मग ती रांगेतल्या एकेका बाईला विचारत गेली. मका किती दिवस भिजवता? तीन दिवस. तुम्ही? तीन दिवस. अराबाला विचारलं, तीन दिवस. आणि केलेला डोकोनो टिकतो किती? अराबा म्हणाली, आठ दिवस खुशाल टिकतो. तिनं सगळं वहीत लिहिलं. मलाही विचारलं, मीही तेच सांगितलं. वहीत माझंही नाव गेलं. तेव्हा वाटलं, झालं की काम. आता राहिलं काय लिहायचं?

पण त्यांचं तसं नसतं. कुणी सांगितलं ते त्यांना चालत नाही, स्वतः करून बघावं लागतं. शाळेत तिनं काचेच्या बरण्यांत मका भिजवला. शाळेतलं यंत्र मका दळायला नको म्हणायचं, म्हणून ती भिजलेला मका बादलीत घालून माझ्याकडं यायची. मी पाती धुऊन तिचं मूठभर दळून द्यायचो. ते पीठ ती वर न्यायची, पाण्यात कालवून गाळायची, त्यात एका नळीतनं दुसरंच पाणी थेंब थेंब सोडायची. गाळलेलं पाणी गुलाबी झालं की थांबायचं अन् नळीवरचा आकडा बघायचा. जितकं पीठ आंबट तितका आकडा मोठा. मला एकदा बाटलीत घालून दाखवायला आणलं होतं. खरंच गुलाबी होतं बरं का. एक थेंब कमी असेल तोवर पांढरं, अन् पुढच्या थेंबात एकदम. मी दोनदा करायला लावलं.

तर पहिल्या वेळी ती आली गुरुवारी. बादलीचं झाकण उघडलं अन् मी मागं सरलो. मी म्हणलं, हा चार दिवसांचा मका आहे. ती म्हणाली, तीन दिवसांचा. मी म्हणलं, पोरी, ह्याला नाकात जायच्या आधी डोळ्यात पाणी येतंय, चार दिवसांचा आहे. ती म्हणाली, मी स्वतः सोमवारी सकाळी आठला भिजवला, आज गुरुवार, आठ वाजले, बरोबर तीन दिवस. घड्याळ दाखवलं मला.

घड्याळ खोटं कसं म्हणायचं? मला वाटलं, त्यांच्या बरणीत काहीतरी गडबड असेल.

तिनं दळून नेलं अन् मोजलं. सव्वीस. अराबाचं तीन दिवसांचं पीठ तिनं माझ्याच गिरणीतनं घेतलं, ते मोजलं. अठरा. आठ दिवसांनी परत आली, परत गुरुवारी. परत सव्वीस. अराबाचं परत अठरा. दोघींचेही तीन दिवस, अन् एवढा फरक.

मग ती फरक शोधायला लागली. मला वाटलं होतं कंटाळेल. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण झिजतं? पण तिला जितकं जुळत नव्हतं तितके तिचे डोळे मोठे व्हायचे. म्हणाली, शाळेत ऊन जास्त येत असेल. बरण्या सावलीत ठेवल्या. सव्वीसचे पंचवीस झाले. मग म्हणाली, पाणी वेगळं असेल. अराबाच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून डोंगरावर नेलं. शाळेतली पोरं हसली असतील. पंचवीस. मग म्हणाली, बरणी काचेची, अराबाचा घमेला ॲल्युमिनियमचा. अराबाकडनं तिचा जुना घमेला मागून नेला. अराबानं दिला, पण म्हणाली, परत आण हं, माझ्या आईचा आहे. घमेल्यातही पंचवीस. माझ्या गिरणीची पाती गरम होतात म्हणून आंबतं का, असंही तिनं एकदा विचारलं. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मी तिला म्हणायचो, अगं, तुझ्या सरांना विचार की. ती म्हणायची, सरांनी उत्तर सांगायचं नसतं, तशी परवानगीच नाही. शिकवणाऱ्याला सांगायची परवानगी नाही! मला ते काही केल्या पटेना. त्यांचे एस्सिलफी सर मोठे शिकलेले, पण ह्या निबंधात त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. तेही ठरलेलेच तास. ती अडली की ते चष्मा काढणार, पुसणार अन् विचारणार, मग तुला काय वाटतं? मी म्हणलं, असं तर मीही शिकवू शकतो. चष्मा तेवढा घ्यावा लागेल.

अन् मग आला बुरशीचा दिवस. अराबाकडनं ताजा डोकोनो घेऊन तिनं शाळेत फळीवर ठेवला होता, रोज एका गोळ्याचं पान सोडून बघायची. बुधवारी आणला. पुढच्या बुधवारपर्यंत झकास. गुरुवारी पान सोडलं तर पांढरे ठिपके. अराबानं आठ दिवस सांगितले होते, अन् कूकुआच्या हिशेबानं आठव्या दिवशी बुरशी.

आता तिच्याकडं अराबाच्या दोन गोष्टी झाल्या, दोन्ही चुकीच्या. निबंध द्यायला नऊ दिवस उरलेले. सगळं टाइप करून झालेलं, शेवटचं पान सोडून. त्या पानावर तिला लिहायचं होतं, तीन दिवसच का. अन् तिचे आकडे म्हणत होते की तीन दिवस हे काही बरोबर नाहीत, तीन दिवसांत मका जास्त आंबतो, पीठ सैल पडतं, दोनच दिवस चांगले. मग अराबा तीन का म्हणते? तर तिनं लिहिलं, माहिती देणारीची माहिती भरवशाची नाही.

कूकुआची एक गोष्ट सांगतो. दुसरी कुणी असती तर लिहून मोकळी झाली असती. अराबाला कुठं वाचता येतंय? पण ही शुक्रवारी खाली आली. अराबा इथं रांगेत होती, तू बसलीयस तिथंच. ही तिच्यापुढं उभी राहिली अन् म्हणाली, एना, तुमच्याबद्दल मी असं असं लिहिलंय, तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय देणार नाही. अन् वाचून दाखवलं. आमच्या फांती भाषेत. 'भरवशाची नाही' ह्याला तिला फांतीत बरा शब्दच सापडेना, म्हणून तिनं 'खोटी' म्हणलं.

गिरणी चालू होती तरी सगळ्या बायकांना ऐकू गेलं.

मला वाटलं आता अराबा छत्रीच घेऊन धावणार. पण तिनं आधी डोक्यावरचं फडकं सोडलं, परत बांधलं. मग म्हणाली, "लिही. पण माझं नाव खोडून माझ्या आईचं लिही. तीन दिवस मला तिनं शिकवलं. खोटारडी ती आहे. ती आता येऊन तुला काही म्हणायची नाही, तेव्हा तुलाही बरं."

अन् घमेला उचलून न दळताच चालती झाली. एकोणतीस वर्षांत अराबा न दळता कधी गेली नव्हती.

कूकुआ तिथंच उभी. डोळ्यात पाणी, पण कागद सोडला नाही हातातला. म्हणाली, "एग्या, मी काय करू? आकडे तसेच आहेत. मी आकडे बदलू का?"

मला राग अराबासाठी आला होता, पण खरं सांगू, जास्त राग माझ्या नाकासाठी आला. कारण मीही वहीत होतो. तीन दिवस मीही सांगितलं होतं. मी म्हणलं, आकडे राहू दे. तू मला पहिल्या गुरुवारी काय म्हणालीस, तीन दिवसांचा मका. मी म्हणलं चार. त्याचा आधी निकाल लाव. तू पेल्यांत मका आण, वेगवेगळ्या दिवशी भिजवलेला, मला सांगू नकोस. मी वास घेऊन सांगतो. मी चुकलो तर माझंही नाव खोट्यांत घाल, अराबाच्या शेजारी. बाई एकटी नको तिथं.

तिनं डोळे पुसले. कुतूहल जागं झालं की तिचं रडू थांबतं, हे मी तोवर ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती सहा पेले घेऊन आली, झाकणं लावून, खाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या. शाळेत तिचं रोजचं भिजवणं चालूच होतं, त्यातलेच काढून आणलेले. सगळी रांग गोळा झाली. अराबाही आली होती, तिला दळण तर पाहिजेच होतं, पण आमच्याकडं पाठ करून बसलेली.

मी एकेक दाणा नखानं फोडला, वास घेतला. पहिला, काल शुक्रवारचा. अजून आत कडक. दुसरा, बुधवारचा. तिसरा, गुरुवारचा. चौथा, तोही गुरुवारचा, जुळे आहेत हे. पाचवा मंगळवारचा, ह्याचं काही करू नको, फेकून दे. सहावा नाकाजवळ नेला अन् थांबलो. मी म्हणलं, हा कालचा आहे, पण ह्याच्यात तू काहीतरी पिळलंयस.

ती म्हणाली, लिंबू.

बायका हसायला लागल्या. तिनं चिठ्ठ्या उलटून बघितल्या. सहाच्या सहा बरोबर. तिनं वही काढली अन् पेल्यापुढं तास लिहायला लागली. मग तिसऱ्या पेल्यावर बोट ठेवून म्हणाली, "आता सांगा, हा किती दिवसांचा?"

मी म्हणलं, तीन. हाच अराबाचा मका. आत्ता दळायचा.

ती म्हणाली, दोन.

मी म्हणलं, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन. अंगठ्यापासून तीन बोटं धरली तिच्यापुढं.

ती म्हणाली, गुरुवार सकाळ ते शुक्रवार सकाळ एक, शुक्रवार ते शनिवार दोन. अन् दोन बोटं माझ्या तीन बोटांपुढं धरली.

बघ कसं. ती माझ्या अंगठ्याकडं बघतेय, मी तिच्या दोन बोटांकडं. मी म्हणलं, तू पहिला दिवस सोडून मोजतेस. ती म्हणाली, पहिला दिवस संपल्याशिवाय एक कसा होईल? मी म्हणलं, मका पाण्यात पडला, तो दिवस त्याचा नाही का? ती म्हणाली, पण एग्या, असं तर कुणीच मोजत नाही.

तेव्हा अराबा बोलली. वळली नाही, पाठ तशीच. म्हणाली, "तिला विचार, तिचं नाव कधी ठेवलं."

कूकुआ गोंधळली. म्हणाली, "आठव्या दिवशी, एना. सगळ्यांचं ठेवतात तसंच."

"वार कुठला होता?"

"बुधवार. जन्मही बुधवारचाच, म्हणून तर कूकुआ."

"मग मोज तुझ्या शाळेतलं."

ती मोजायला लागली. बुधवार ते गुरुवार एक. गुरुवार ते शुक्रवार दोन. अशी बोटांवर चालली. अन् सातव्या बोटावर बुधवार आला. बोट तसंच हवेत राहिलं.

अराबा आता वळली. म्हणाली, "सात ना? म्हणजे तुझ्या बापानं तुझं नाव सातव्या दिवशी ठेवलं अन् गावभर आठव्या दिवशी सांगितलं. जा, त्यालाही खोटारडा लिही."

पोरी, मी आयुष्यात लाइट जाताना अन् येताना खूपदा बघितलीये. पण माणसाच्या तोंडावर तशी आलेली तेवढीच एकदा. ती खाली बसली, चक्क पिठात, शाळेच्या स्कर्टमध्ये. वही उघडली, पानं मागं मागं नेली, पार पहिल्या महिन्यापर्यंत. तिथं तिनं स्वतःच मोजलेलं होतं, सोमवारी भिजवून बुधवारी दळलेलं. अठरा. अराबाचा आकडा. इतके महिने तिच्याच वहीत पडून होता, पण तिनं त्याच्यापुढं 'दोन दिवस' लिहिलं होतं, म्हणून कधी अराबाच्या शेजारी ठेवून बघितलंच नाही. अन् बुरशीचंही तेच. बुधवार ते बुधवार टिकला. आठ दिवस. अराबानं सांगितलं तेवढाच.

ती हसायलाच लागली. थांबेना. म्हणाली, पाणी डोक्यावरून नेलं मी. घमेला नेला. उन्हाला दोष दिला. एग्याच्या पात्यांना दोष दिला.

मी म्हणलं, हो, पात्यांचं मी विसरलो नाहीये.

मग ती उठली अन् अराबापुढं वाकली. काय बोलली ते मला गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही, अन् आलं असतं तरी सांगितलं नसतं. अराबानं तिच्या स्कर्टवरचं पीठ झटकलं, जरा जास्तच जोरात.

आता तुला वाटेल, संपली गोष्ट. मलाही वाटलं. मी विचारलं, किती दिवस उरले तुझे? ती म्हणाली, सात. मग थांबून म्हणाली, "तुमच्या हिशेबानं आठ. एक दिवस फुकट मिळाला."

पण तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. कारण निबंधात तीन हजार शब्द होते उन्हावर, पाण्यावर अन् घमेल्यावर. सगळे त्या चुकीच्या दिवसाच्या मागं धावलेले. ती म्हणाली, दोन रस्ते आहेत. एक, फक्त 'तीन'च्या जागी 'दोन' करायचं, बाकीचं काढून टाकायचं. स्वच्छ निबंध होतो, चूक कुणाला दिसत नाही. दुसरा, घडलं तसं लिहायचं, मी काय समजले, कशी चुकले, कुणी दाखवलं. पण तपासणारा कुठल्या देशात बसलाय माहीत नाही. तो म्हणेल, ह्या मुलीला तीनपर्यंत मोजता येत नाही. नापास करेल. मग दाखला गेला.

मला विचारलं, एग्या, तुम्ही काय केलं असतं?

जिभेवर आलं होतं, स्वच्छ निबंध दे अन् मोकळी हो. चूक झाकायला कुणाला आवडत नाही? पाती झिजली की मीही आधी मक्यालाच नाव ठेवतो. पण मी अंगठा अन् बोटानं डोळ्यांवरचा नसलेला चष्मा काढला, शर्टाला पुसला अन् म्हणलं, "मग तुला काय वाटतं?"

ती शिव्या देत डोंगर चढली. छान फांती शिव्या. तोवर शिकली होती आमच्याकडनं.

आठवडाभर दिसली नाही. रविवारी अराबानं विचारलं, काही कळलं का? सोमवारी परत. मंगळवारी तिनं माझ्याकडं डोकोनोचे चार गोळे ठेवले, म्हणाली वरच्या शाळेत कुणी जात असेल तर दे, मला काही पडलेलं नाही. मीच गेलो मग. फाटकावरच्या माणसाला दिले. तो म्हणाला, ती मुलगी जेवायला पण धावत येते अन् धावत जाते.

निबंध द्यायच्या दिवशी, शनिवारी, ती दुपारी खाली आली. डोळे सुजलेले. म्हणाली, दिला. मी विचारलं, कुठला? म्हणाली, घडलं तसा. तीन हजार शब्दांतले निम्मे काढले, पण पाणी अन् घमेला ठेवला, चुकीच्या जागी शोधत होते म्हणून. अन् शेवटचं पान आता 'तीनच का' ह्यावर नाही, 'तीन म्हणजे किती' ह्यावर आहे. जिथं कुणी सांगितलं त्यांची नावं लिहायची असतात, तिथं लिहिलंय, अराबा, डोकोनो करणारी, आई आबा हिच्याकडून शिकलेली. अन् त्याखाली मी.

मी विचारलं, एग्या निका लिहिलंस का क्वामेना?

म्हणाली, दोन्ही. नाहीतर तुम्ही मागं बघितलं नसतं.

निबंध दिला की शेवटी सरांपुढं बसून बोलायचं असतं, काय शिकलीस वगैरे. ते झाल्यावर एस्सिलफी सर स्वतः इथं आले, अर्धं पोतं मका घेऊन, दळायचं निमित्त. मी त्यांना सरळ विचारलं. सर, तुम्ही इथलेच, तुमचं नावही आठव्या दिवशी ठेवलेलं. तुम्हाला हे माहीत होतं अन् बोलायची परवानगी नव्हती म्हणून गप्प बसलात का? त्यांनी चष्मा काढला. मी म्हणलं आता हे मलाच विचारणार. पण ते म्हणाले, "खरं सांगू का एग्या, मला नाही सुचलं. शाळेत मी तासांत मोजतो अन् घरी गेलो की आठांत. दोन्ही हिशेब कधी एका जागी आलेच नव्हते."

चांगला माणूस. मका मात्र त्यांनी पाच दिवस भिजवला होता. आमच्या हिशेबानं सहा.

निकाल लागला तेव्हा तिला अक्षर मिळालं, बी. मी विचारलं, त्याच्या आधीचं अक्षर कुणी नेलं? म्हणाली, तपासणाऱ्यानं लिहिलंय की प्रश्न वाटेत बदलला, त्याचे गुण कापले. पण शेवटचं पान आवडलं. दाखला मिळाला. आता कुमासीला विद्यापीठात आहे, खाण्यापिण्याच्याच गोष्टींचं शिकते. अराबाचा डोकोनो जाणाऱ्या गाडीतनं तिच्याकडं जातो अन् ती फोन करून सांगते, एना, नवव्या दिवशी बुरशी आली. अराबा म्हणते, माझ्या नवव्या की तुझ्या?

अन् आता तिला नवा किडा लागलाय. तिला बघायचंय की हा आमचा एक दिवस नेमका कुठपर्यंत चालतो. फांती लोकांत असा, आसांती लोकांत असा, गा लोकांकडं कसा? नदीपलीकडं कसा? कुठल्या गावात तीनचे दोन होतात अन् कुठं तीनचे तीनच राहतात? तिनं मला काम लावून दिलंय. ही बघ वही. नीट लिहिता येत नाही म्हणून मी रेघा मारतो अन् आठवड्यातनं एकदा तिला फोनवर सांगतो.

तू नदीपलीकडची, केटाकडची. तुमच्याकडं मका भिजवतात, त्याच्या पिठाचं अक्प्ले करून खातात. तुमच्या बाजूचं माझ्याकडं अजून कुणीच नाही, ते आख्खं पान कोरं आहे. तेव्हा लाइट यायच्या आत एवढं कर माझ्यासाठी. तुझी आई मका पाण्यात कधी घालायची अन् गिरणीला कधी न्यायची, ते आठवून सांग. फक्त किती दिवस ते सांगू नकोस. वार सांग.